साल बघून आग



चुलीपुढे बसणाऱ्या बाईला लाकडं ओळखायला कुठल्या शाळेत शिकवलेलं नसतं. पऱ्हाट्या आणि तुराट्या पेटवण्यापुरत्या. सगळ्या भाकरी होईपर्यंत दम धरायचा तर बाभूळच हवी. पांगारा नुसता भुरभुर जळून जातो, त्याचा निखारा काही राहत नाही. बाहेरच्या माणसाला सरपणाचा एकच ढीग दिसतो, आपल्या डोळ्यांना त्यातच चार-पाच ढीग दिसतात. आज ज्या देशाची गोष्ट सांगणार आहे, त्या देशाला आपल्या जंगलाच्या बाबतीत हा फरक कळायला दीडशे वर्षांहून जास्त काळ लागला. तो कळेपर्यंत गावं जळाली, माणसं गेली. देश ऑस्ट्रेलिया, आणि झाड आपल्या ओळखीचं, निलगिरी.

निलगिरी हे नाव आपल्याकडचं. दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरात इंग्रजांनी १८४३च्या सुमारास सरपणासाठी ही झाडं लावली आणि डोंगराचं नाव झाडाला चिकटलं. त्याच्याही आधी टिपू सुलतानानं नंदी डोंगरावरच्या बागेत ती लावली होती, असं सांगतात. महाराष्ट्रात १९८० नंतर सामाजिक वनीकरणातून रोपं वाटली गेली आणि बांधावर, पडीक रानात ती उभी राहिली. पाणी फार पिते, खाली गवत उगवू देत नाही, अशी तिची तक्रार पुष्कळ जणी करतात. तो वाद आज नको. एवढंच लक्षात घ्या, की आपण बघतो ती तिच्या एक-दोन जातींची, ओळीत लावलेली, ठरावीक वर्षांनी तोडायची शेती आहे. तिच्या माहेरी तिच्या आठशेहून जास्त जाती आहेत. तिथे ती कुणी लावलेली नाही, तिचंच जंगल आहे. निलगिरीची अशी जंगलं तिकडे सुमारे दहा कोटी हेक्टरवर आहेत, म्हणजे आपला सगळा महाराष्ट्र तिपटीनं धरला तरी त्याहून जास्त.

त्या आठशेंमध्ये एखादी माणसाच्या उंचीची, एकाच गड्ड्यातून दहा फांद्या फुटलेली, झुडपासारखी. एखादी टास्मानियात शंभर मीटरला टेकलेली, म्हणजे तीस मजली इमारतीएवढी. एखादीची साल गुळगुळीत पांढरी, दुसरीची काथ्यासारखी तंतू तंतू सुटलेली, तिसरीची लोखंडासारखी काळी, खोल भेगांची. काहींची साल लांब पट्ट्यांनी सोलून फांद्यांवरून लोंबत राहते. ही सालीची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तीच कामाला येणार आहे.

युरोपातल्या लोकांनी या झाडाला शास्त्रातलं नाव दिलं ते सालीवरून नव्हे, कळीवरून. १७७७ साली कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या माणसानं टास्मानियाजवळच्या ब्रूनी बेटावरून एक डहाळी नेली. अकरा वर्षांनी लेरितिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं ती डहाळी बघून युकॅलिप्टस असं नाव ठेवलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘नीट झाकलेली’. निलगिरीच्या कळीवर छोटी टोपी असते, फूल उमलताना ती गळून पडते, त्यावरून हे नाव. सुंदर आहे. पण कळीवरच्या टोपीवरून जंगल कसं पेटेल ते कळत नाही.

ते ज्यांना कळत होतं, ती माणसं त्या भूमीवर निदान पन्नास हजार वर्षं राहत होती. ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यातले आदिवासी म्हणजे नूंगार. त्यांच्या वर्षात सहा ऋतू असतात. हो, आपल्यासारखेच सहा, फक्त नावं आणि महिने वेगळे. त्यातला डिसेंबर-जानेवारीचा ऋतू ‘बिराक’. वारा कुठून येतो, गवत किती वाळलंय, कुठले प्राणी पिल्लांत आहेत हे बघून या ऋतूत रानाचे तुकडे तुकडे पेटवायचे. सगळं एकदम नाही. एक तुकडा यंदा जळलेला, शेजारचा दोन वर्षांपूर्वीचा, पलीकडचा बराच जुना. त्यामुळे आग फार लांब जातच नसे, जळलेल्या तुकड्याशी येऊन थांबे. नव्या कोवळ्या गवतावर कांगारू येत, शिकार सोपी होई. जाराह, कारी, मारी, वांडू ही निलगिरीच्या जातींची नावं नूंगार भाषेतलीच आहेत. पुढे इंग्रज वनाधिकाऱ्यांनी आपल्या नकाशांवर जंगलाचे प्रकार लिहिले, तेव्हा तेच शब्द उचलले. शब्द घेतले आणि माणसांना बाहेर काढलं.

बायकांचा यात मोठा हात होता. आग्नेयेला व्हिक्टोरिया प्रांतात मुरनाँग नावाचं पिवळ्या फुलाचं झाड होतं, त्याचा कंद भाजून खात. कंद काढायचं काम बायकांचं, टोकदार काठी घेऊन. १८४१ साली जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन नावाच्या सरकारी अधिकाऱ्यानं पश्चिम व्हिक्टोरियात माळभर पसरून कंद काढणाऱ्या बायका पाहिल्या आणि ते आपल्या रोजनिशीत टिपून ठेवलं. जमीन उकरल्यानं भुसभुशीत राहायची, वेळच्या वेळी जाळल्यानं झुडपं माजत नसत, कंदाला ऊन मिळे. मग गोऱ्या लोकांच्या मेंढ्या आल्या आणि त्यांनी मुरनाँग मुळासकट खाऊन टाकलं. थॉमस मिचेल नावाचा सरकारी मोजणीदार १८४८ साली लिहून गेला, की आग, गवत, कांगारू आणि माणूस ही चारही इथे एकमेकांवर अवलंबून आहेत, एक काढलं की बाकीची टिकणार नाहीत. पुढे १९६९ साली ऱ्हीस जोन्स या पुरातत्त्व अभ्यासकानं या साऱ्या पद्धतीला ‘आगकाठीची शेती’ असं नाव दिलं. सगळ्याच जंगलात अशी आग लावत होते का, किती वेळा लावत होते, यावर अभ्यासकांत अजून भांडण आहे, आणि ते योग्यच आहे. ओल्या, दाट, उंच जंगलात ती फार कमी होती, असं बहुतेकांचं म्हणणं.

पश्चिम ऑस्ट्रेलियात तर १८४७ सालीच कायदा झाला. रानाला आग लावली तर शिक्षा, आणि आग लावणारा आदिवासी असेल तर फटके. ज्या हातांना कुठे, कधी, किती जाळायचं ते माहीत होतं, त्याच हातांना फटके. चारच वर्षांनी, ६ फेब्रुवारी १८५१ला, व्हिक्टोरियात प्रचंड वणवा लागला. सुमारे पन्नास लाख हेक्टर, म्हणजे प्रांताचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यानं व्यापला. बारा माणसं आणि दहा लाखांच्या आसपास मेंढ्या गेल्या. आदिवासींना हटवलं म्हणूनच तो लागला, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी उन्हाळा आणि वाराही भयंकर होता. पण रान कसं सांभाळायचं ते जाणणारी माणसं तोवर बऱ्याच ठिकाणाहून हाकलली गेली होती, हे खरं.

आता वर्गीकरणाची, म्हणजे निवडण्याची गोष्ट. फर्डिनांड फॉन म्युलर हा जर्मनीतून आलेला माणूस १८५३ साली व्हिक्टोरियाचा सरकारी वनस्पतितज्ज्ञ झाला. (आपण सर्दीला हुंगतो त्या निलगिरीच्या तेलाचा धंदा ऑस्ट्रेलियात त्याच दशकात जोसेफ बोसिस्टो या औषधविक्यानं सुरू केला, तो म्युलरच्याच प्रोत्साहनानं.) म्युलर घोड्यावरून, पायी हजारो मैल हिंडला. १८५९ साली उत्तरेकडच्या निलगिरीच्या जाती लावताना त्यानं सालीवरून त्यांचे गट पाडले. गुळगुळीत सालीचे, अर्ध्या सालीचे, भेगाळ सालीचे, तंतूंच्या जाड सालीचे, खवल्यांच्या सालीचे. रानात उभं राहून बघणाऱ्याला हे पटकन कळणारं.

आणि मग इंग्लंडात बसून जॉर्ज बेंथम यांनी ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहायला घेतला. बेंथम मोठे विद्वान, पण ते ऑस्ट्रेलियाला कधी गेलेच नाहीत. म्युलरनं पाठवलेल्या वाळलेल्या डहाळ्या त्यांच्या टेबलावर. डहाळीवर बुंध्याची साल कुठून असणार? म्हणून १८६७ साली त्यांनी निलगिरीची वाटणी केली ती फुलातल्या परागाच्या बारीक पिशव्यांच्या आकारावरून. शास्त्र म्हणून त्यात चूक काही नाही, कुठली जात कुणाची बहीण ते कळायला फूलच बघावं लागतं. पण रानात राहणाऱ्याला आणि आग विझवणाऱ्याला त्याचा काय उपयोग? पुस्तकातली निवड एकीकडे गेली, रानातली एकीकडे.

तिसरी निवड वनखात्याची, आणि इथे आपला हिंदुस्थान येतो. इंग्रजांनी आपल्याकडे १८६० नंतर जंगल खातं उभं केलं. १८७८च्या कायद्यानं राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरला. सरकारच्या डोळ्यापुढे होतं साग आणि रेल्वेचे स्लीपर. मेळघाटात, गडचिरोलीत मोहाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करणाऱ्या, म्हणजे फुलं नीट वेचता येतील, अशा बायका त्या दिवसापासून कायद्याच्या नजरेत गुन्हेगार झाल्या. ती आग कधी हाताबाहेर जाते आणि जंगलाचं नुकसान करते, हेही खरंच आहे, ते झाकायचं कारण नाही. पण हेच खातं, हीच शिकवण ऑस्ट्रेलियात गेली. हिंदुस्थानच्या जंगल खात्याचे मुख्य अधिकारी बर्थोल्ड रिबेनट्रॉप यांना १८९५ साली व्हिक्टोरियानं सल्ल्यासाठी बोलावून घेतलं. हिंदुस्थानात नोकरी केलेले हचिन्स हे वनाधिकारी पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियाभर जंगलं बघत फिरले. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९१८ साली जंगलाचा कायदा झाला. जाराहचं लाकूड वाळवीला दाद देत नाही, म्हणून त्याचे स्लीपर जहाजांतून परदेशी जात, आपल्याकडच्या रेल्वेसाठीसुद्धा आलेले आहेत. तेव्हा वनखात्याच्या वहीत जंगलाचे प्रकार पडले ते लाकडावरून. हे जाराहचं, हे कारीचं, हे बिनकामाचं. आणि आग ही लाकडाची शत्रू, म्हणून जंगलाच्या आत ती अजिबात नको. फक्त कडेकडेनं पट्टे जाळायचे, आपल्याकडे वनखातं जाळरेषा काढतं तसे.

आता आग लागू दिली नाही, तर पाचोळ्याचं काय होतं? निलगिरीची पानं तेलकट आणि चिवट. आपल्या आंब्याच्या पानांसारखी ती एका पावसाळ्यात कुजत नाहीत. जाराहच्या जंगलात दर वर्षी नवा थर पडत जातो. सात-आठ वर्षांत हेक्टरी आठ टनांच्या आसपास कोरडा पाचोळा आणि काटक्या साठतात. आपल्या हिशेबानं एकरी तीन टनांवर. शिवाय निलगिरीची पानं देठापासून खाली लोंबतात, उन्हाकडे धार करून. त्यामुळे झाड कितीही उंच असलं तरी ऊन जमिनीपर्यंत पोचतं आणि खाली झुडपांचा झाडोरा माजतो. पाचोळा, त्यावर झुडपं, त्यावर लोंबणारी साल, त्यावर शेंडे. आगीला चढायला शिडीच तयार.

१३ जानेवारी १९३९ला व्हिक्टोरियात ती शिडी पेटली. एकाहत्तर माणसं गेली, जवळजवळ वीस लाख हेक्टर जळाले. जंगलात आत आत लाकूड कापायच्या गिरण्या होत्या, तिथल्या कामगारांच्या वस्त्याच्या वस्त्या राख झाल्या. चौकशीला न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांना नेमलं. ते गावोगाव गेले, गिरणीवाल्यांची, शेतकऱ्यांची, वनरक्षकांची साक्ष घेतली. त्यांचा निष्कर्ष असा, की या आगी माणसांनीच लावलेल्या. कुणी चाऱ्यासाठी, कुणी जागा साफ करायला, कुणी निष्काळजीपणानं. आणि दुसरीकडे, वनखात्यानं वेळेवर, बेतानं जितकं जाळायला हवं होतं तितकं जाळलं नाही. म्हणजे दोष आगीचा नव्हता, वेळ-काळ न बघता लावलेल्या आगीचा आणि वेळेवर न लावलेल्या आगीचाही होता. सरकारी कागदात एवढं स्पष्ट पहिल्यांदाच आलं असावं.

पश्चिम ऑस्ट्रेलियानं १९५४च्या सुमारास धोरण बदललं आणि जंगलाच्या आतही ठरवून आग लावायला सुरुवात केली. पण काम हळू चाललं होतं, बराच भाग वीस-वीस वर्षांच्या पाचोळ्यानं भरलेला. जानेवारी १९६१मध्ये विजा पडून ठिकठिकाणी आगी लागल्या. ड्वेलिंगअप हे लाकूडकामगारांचं गाव एका संध्याकाळी जळून गेलं. शंभरावर घरं गेली. जीवहानी झाली नाही हे आश्चर्यच. ड्वेलिंगअप पुन्हा बांधलं, शेजारची हॉलिओक आणि नांगा ब्रुक ही गावं मात्र पुन्हा कधी वसली नाहीत.

त्यानंतर कामाला जोर आला. ॲलन मॅकआर्थर आणि जॉर्ज पीट ही माणसं जंगलात मुद्दाम छोट्या छोट्या आगी लावून बघत बसली. पाचोळा किती, त्याची ओल किती, वारा किती, चढ किती, म्हणजे ज्वाला किती उंच जाईल आणि किती वेगानं पळेल. मॅकआर्थर यांनी त्यावरून आगीचा धोका सांगणारी गोल चकती तयार केली, ती पुढे देशभर चालली. १९६५ साली तर विमानातून आग लावायला सुरुवात झाली. तिची युक्ती ऐकून मला गंमत वाटली. पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे आपल्या विहिरीत टाकतात ती जांभळी पूड, छोट्या कुपीत भरायची. विमानातून टाकायच्या क्षणी त्यात ग्लायकॉल नावाचं द्रव्य टोचायचं. कुपी जमिनीवर पोचते आणि थोड्या वेळात आपोआप पेटते. ठरावीक अंतरावर अशा कुप्या पडल्या की छोट्या आगी पसरत एकमेकींना भेटतात आणि विझतात.

जमिनीवरून लावायची तर हातात झारीसारखं भांडं असतं. त्याच्या तोंडाशी वात पेटती, आणि डिझेल-पेट्रोलचं मिश्रण थेंब थेंब सांडत जातं. आग शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध, उताराच्या खालच्या बाजूला सरकेल अशी लावायची, म्हणजे ती हळू चालते. ज्वाला गुडघा-मांडीएवढ्या राहिल्या पाहिजेत. वरचा पाचोळा जळावा आणि तळाचा ओलसर थर जमिनीवर राहावा. जाराहची साल जाड, आतल्या जीवाला धग लागत नाही. लागली तरी सालीखाली झोपलेले डोळे असतात, उसाच्या कांड्यावर असतात तसे. आग गेली की काही आठवड्यांत काळ्या बुंध्यावर हिरवे पुंजके फुटतात.

पण सगळ्या निलगिऱ्या अशा नसतात, आणि इथेच निवडणं जीवन-मरणाचं होतं.

व्हिक्टोरियाच्या डोंगरात माउंटन ॲश नावाची निलगिरी आहे. फुलझाडांत जगात सर्वांत उंच तीच. ती पाण्याच्या जागी वाढते, खाली माणसाहून उंच नेचे, शेवाळ, ओल. तिची साल पातळ. मोठी आग लागली की झाड मरतं, पुन्हा फुटत नाही. मरताना शेंड्यावरची बोंडं तडकतात आणि राखेत बी पडतं, त्यातून सगळं जंगल एका वयाचं उगवतं. आज तिथे उभं असलेलं बरंचसं ॲशचं जंगल १९३९च्या राखेतलं आहे. पण नव्या झाडाला भरपूर बी धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात. त्याआधी दुसरी आग आली तर पदरी बी नाही, आणि जंगल संपलं. १९२६ साली जळून पुन्हा १९३९ला जळलेल्या काही जागी असंच झालं, तिथे नुसती बाभळीच्या जातीची झुडपं उरली. म्हणजे जाराहला सहा-आठ वर्षांनी लावलेली हलकी आग सोसते, तीच ॲशला लावली तर निर्वंश. एरवी ते जंगल इतकं ओलं असतं, की ठरवून लावायची म्हटलं तरी लागत नाही, आणि ज्या दिवशी लागते त्या दिवशी कुणाच्या बापाला आवरत नाही.

हा फरक दाखवणारं सोपं कोष्टक रे स्पेक्ट या वनस्पतितज्ज्ञानं १९७० साली मांडलं. जात कुठलीही असो, दोनच गोष्टी बघायच्या. सर्वांत वरच्या झाडांची उंची किती, आणि त्यांची पानं वरून किती जमीन झाकतात. तीस मीटरच्या वर उंच आणि मध्यम सावली, ते उंच मोकळं जंगल. दहा ते तीस मीटर, ते मोकळं जंगल. सावली त्याहून विरळ, ते झाडोऱ्याचं माळरान. सत्तर टक्क्यांहून जास्त सावली, ते बंद जंगल, तिथे बहुधा निलगिरी नसतेच. याच्या जोडीला ओलं जंगल आणि कोरडं जंगल ही वाटणी होतीच. आज देशाच्या जंगलांची मोजणी उंची आणि सावली या दोन गोष्टींवरच चालते. बेंथम यांच्या परागाच्या पिशव्यांपेक्षा हे आगीला खूप जवळचं.

तरी गोष्ट इथे सुरळीत होत नाही. ७ फेब्रुवारी २००९ला व्हिक्टोरियात पुन्हा वणवा लागला, एकशे त्र्याहत्तर माणसं गेली. सालीच्या लांब पट्ट्या पेटत्या अवस्थेत वाऱ्याबरोबर तीस-तीस किलोमीटर पुढे जाऊन पडल्या आणि तिथे नवी आग लागली. आयोगानं शिफारस केली, की सरकारी जमिनीपैकी निदान पाच टक्के दर वर्षी ठरवून जाळा. म्हणजे सुमारे तीन लाख नव्वद हजार हेक्टर. आता आपल्याला उद्दिष्टं पुरी करणं म्हणजे काय ते चांगलं ठाऊक आहे. आकडा गाठायचा असला की सोपं काम आधी होतं. गावाजवळचं, घरांमधलं, अवघड जंगल जाळायला माणसं जास्त लागतात, धोका जास्त, आणि हेक्टर भरतात थोडे. लांबच्या निर्मनुष्य रानात एका दिवसात हजारो हेक्टर होतात. ही टीका सुरू झाली आणि २०१५च्या अखेरीस सरकारनं तो आकडा सोडून दिला. किती जाळलं याऐवजी कुणाचा धोका किती कमी झाला, ते मोजायचं ठरलं. माझ्या मते हे आधीच व्हायला हवं होतं.

आणि ठरवून लावलेली आगही सुटते. नोव्हेंबर २०११मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात मार्गारेट रिव्हरजवळ सरकारी खात्यानं लावलेली आग वाऱ्यानं उसळली, तीसहून जास्त घरं गेली. २०१५ साली व्हिक्टोरियात लान्सफील्डला तसंच झालं, तीन हजारांहून जास्त हेक्टर आणि चार घरं. आग सुटली नाही तरी धूर शहरांवर येऊन बसतो, दमेकऱ्यांचे हाल होतात. म्हणून ‘जाळा, सगळं ठीक होईल’ असं म्हणणाऱ्यावर तिथेही आता कुणी सहज विश्वास ठेवत नाही.

या सगळ्यात म्युलरची साल परत आली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस व्हिक्टोरियात आग विझवणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका निघाली. जंगलात उभं राहायचं आणि चार गोष्टींना धोक्याची श्रेणी द्यायची. जमिनीवरचा पाचोळा, त्याच्या लगेच वरचं गवत-काटक्या, उभी झुडपं, आणि बुंध्याची साल. काथ्यासारखी सुटी साल असेल तर धोका सर्वांत जास्त, कारण ती आग वर नेते आणि ठिणग्या उडवते. गुळगुळीत साल असेल तर कमी. दीडशे वर्षांपूर्वी घोड्यावरून हिंडणाऱ्या माणसानं जे आधी पाहिलं होतं, त्याला आता सरकारी अर्ज मिळाला.

शेवटची गोष्ट उत्तरेची. तिथे अर्नहेम लँड नावाचा आदिवासींचा मोठा मुलूख आहे. गवत उंच, त्यात निलगिरी विरळ, पाऊस पडतो तो चारच महिने, आपल्या विदर्भासारखा. विसाव्या शतकात तिथली बहुतेक माणसं मिशनच्या वस्त्यांत आणि शहरांत गेली, डोंगरपठार रिकामं पडलं. मग दर वर्षी ऑक्टोबरच्या आसपास, कडक उन्हात, मोठमोठे वणवे. काही जुनी माणसं मुलाबाळांना घेऊन परत राहायला गेली आणि शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन पुन्हा जुन्या रीतीनं जाळू लागली. २००६ साली डार्विनमधल्या गॅसच्या कारखान्याशी करार झाला. अठ्ठावीस हजार चौरस किलोमीटर मुलखात आदिवासींनी सुरुवातीच्या थंड दिवसांत थोडं थोडं जाळायचं, म्हणजे पुढचे मोठे वणवे टळतील आणि हवेत जाणारा घातक वायू कमी होईल. तो किती कमी झाला ते मोजून कारखान्यानं पैसे द्यायचे. वर्षाला सुमारे एक लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा वायू वाचवायचं ठरलं. ज्या कामासाठी एकेकाळी फटके पडत होते, त्याचीच आता मजुरी मिळू लागली.

वॉर्डेकेन नावाच्या तिथल्या संस्थेत आता बायकांची वेगळी तुकडी आहे. तिथल्या भाषेत बाईला ‘दालुक’ म्हणतात, म्हणून त्या दालुक रेंजर. आधी रेंजर म्हणजे पुरुषच, बायकांनी मागे लागून हे काम मिळवलं. पाऊस संपला, की एप्रिल-मेपासून हे काम सुरू होतं. खडकाळ टापूत पायी जायचं, लांबच्या टापूत हेलिकॉप्टरनं. कुठलं गवत वाळलंय आणि कुठलं अजून हिरवं आहे, वारा कुठला आहे, कुठल्या खडकात जुनी चित्रं आहेत आणि तिथपर्यंत आग जाता कामा नये, हे सगळं बघून काडी लावायची. दिवसा लावलेली आग ओढ्याशी, हिरव्या गवताशी, मागच्या जळलेल्या तुकड्याशी येऊन अडते, आणि जी थोडी उरते ती त्या दिवसांत रात्री पडणाऱ्या दवानं विझते.